नातीची ट्रायआउट आणि कॉलेजचं गणित

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत राहतो. नात पंधरा वर्षांची, नुकतीच नववी संपली. ती लॅक्रोस नावाचा खेळ खेळते. लांब काठी, टोकाला जाळीची झोळी आणि त्यात चेंडू झेलायचा, एवढंच मला व्हिडिओवरून समजलं. गेल्या आठवड्यात तिच्या क्लबची ‘ट्रायआउट’ झाली. पहिल्या संघात तिचं नाव आलं नाही, दुसऱ्यात आलं. तेव्हापासून त्या घरात कोणी धड बोलत नाही. सून म्हणते क्लब बदलू या, मुलगा म्हणतो कॉलेजचं सगळं गणितच बदललंय. कसलं गणित विचारलं, तर म्हणाला, ‘आई, ते तुला फोनवर नाही सांगता येणार.’ मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे फुटबॉल सामने बघत वाढले, हारजीत मला नवी नाही. पण शाळकरी पोरीच्या खेळाचा आणि कॉलेजचा एवढा काय संबंध? आणि त्या पोरीशी मी आता काय बोलू?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. पण तिथे पोचायचं तर आधी बरंच सांगावं लागेल.

पहिल्यांदा खेळ. लॅक्रोस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडाच्या सीमाभागातले होडेनोशोनी लोक आजही त्याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात. मुलींचा आजचा खेळ मात्र स्कॉटलंडमार्गे आला. तिथल्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत तो 1890 मध्ये सुरू झाला आणि 1926 मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रुजला. एका बाजूला 12 जणी खेळतात. डोळ्यांवर जाळीचा चष्मा आणि तोंडात माउथगार्ड असतं, गोलकीपरला हेल्मेट. मुलींच्या काठीची झोळी उथळ ठेवावी लागते. चेंडू झोळीत बसला तरी त्याचा माथा काठीच्या कडेवर दिसलाच पाहिजे, असा नियम आहे. इतक्या उथळ झोळीत चेंडू ठेवून जिवाच्या आकांताने पळायचं, तर मनगट सतत झुलतं ठेवावं लागतं. तुमची नात काठी कानाजवळ धरून हलवत धावते ना, ते त्यासाठी. हे तिला सहज जमत असेल, तर तिने एखाद्या भिंतीवर हजारो वेळा चेंडू मारून झेललेला आहे, हे धरून चाला.

आता क्लब. शाळेचा संघ वसंतात खेळतो, मार्च ते मे-जून. त्याच महिन्यांत कॉलेजांचाही हंगाम असतो. म्हणजे कॉलेजचे प्रशिक्षक तेव्हा आपापल्या मैदानावर अडकलेले असतात, शाळांचे सामने बघायला त्यांना सवड नसते. ते मोकळे होतात उन्हाळ्यात आणि नोव्हेंबरच्या सुमारास. तेव्हा खेळतात ते क्लब. मेरीलँड, डेलावेअर, फ्लोरिडा अशा ठिकाणी एकाच आवारातल्या डझनावारी मैदानांवर शनिवार-रविवार सामने चालतात. कडेला घडीच्या खुर्च्या टाकून कॉलेजांचे प्रशिक्षक बसलेले असतात. त्यांच्या हातात यादी असते, तिच्यावर मुलीचा जर्सी नंबर, शाळा, गुण आणि बारावी संपण्याचं वर्ष. क्लबचे संघही त्या वर्षावरूनच ओळखले जातात. तुमची नात 2029 च्या संघात. प्रत्येक वर्षाचे दोन-दोन, तीन-तीन संघ असतात. त्यातला पहिला संघ मोठ्या स्पर्धांत चांगल्या मैदानावर, चांगल्या वेळी खेळतो आणि प्रशिक्षकांच्या खुर्च्या तिथेच जास्त असतात. तुमच्या सुनेच्या काळजीचं मूळ हे आहे, आणि ती काळजी खोटी नाही.

ट्रायआउटचा दिवसही समजून घ्या. जुलै-ऑगस्टचं ऊन. कृत्रिम हिरवळीचं मैदान इतकं तापतं की बुटांच्या तळव्यातून चटका बसतो. प्रत्येक मुलीच्या अंगात नंबर टाकलेली बिनबाह्यांची जाळीदार जर्सी, तिला तिथे ‘पिनी’ म्हणतात. घरंगळत सोडलेला चेंडू दोघींनी मिळवायचा, मग एकीने चकवून गोल करायचा आणि दुसरीने अडवायचा, मग चार-चार जणींचा छोटा सामना. पाच-सहा जण पॅडवर काहीतरी लिहीत फिरतात. आईबापांना बहुतेक ठिकाणी कुंपणाबाहेर थांबवतात. तिथे तास-दोन तास उभं राहून ते दुरूनच पाहतात, कोण आपल्या मुलीकडे बघतंय आणि कोण बघत नाहीये. मग एक-दोन दिवसांत ईमेल येतो. होकार कळवायला मोजका वेळ असतो, अनामत भरावी लागते आणि ती बहुतेकदा परत मिळत नाही. क्लबची वर्षाची फी काही हजार डॉलर, प्रवास आणि हॉटेल वेगळं. ईमेल आल्यावर घर गप्प होतं, त्यामागे हे सगळं असतं.

आता संबंधाचं. आपल्याकडे राज्य पातळीवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. गुण पत्रिकेत चढतात आणि बहुतेकांचा विषय तिथेच संपतो. अमेरिकेत कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक स्वतः मुलं निवडतो आणि प्रवेश देणाऱ्या कार्यालयात त्यांच्यासाठी शब्द टाकतो. जिथे प्रवेश मिळणं अतिशय कठीण, तिथे त्या शब्दाला मोठं वजन असतं. काही ठिकाणी त्यासोबत शिष्यवृत्तीही मिळते. म्हणून आईबाप खेळाकडे कॉलेजचं दार म्हणून बघतात, आणि आपली मराठी माणसं तर शिक्षणाच्या दाराशी किती वेळ उभी राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दाराच्या चौकटीच अलीकडे हलल्या आहेत. तुमच्या मुलाचं ‘गणित बदललंय’ ते हे.

2017 पर्यंत या खेळात आठवी-नववीतल्या पोरींकडून कॉलेजं तोंडी शब्द घेत होती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कोणतं कॉलेज हवं, काय शिकायचंय, तिला काय कळणार? मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांनी आणि खेळाच्या राष्ट्रीय संस्थेनेच हे थांबवा असा आग्रह धरला. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने त्या वर्षी नियम केला : पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे ‘डिव्हिजन वन’च्या प्रशिक्षकाने मुलगी अकरावीत जाते त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरपर्यंत तिच्याशी भरतीबद्दल बोलायचं नाही. माझ्या मते या खेळात मुलींच्या बाजूने झालेला हा सगळ्यांत चांगला निर्णय. पण त्याचा एक परिणाम असा की सगळा ताण त्या एका तारखेवर येऊन साचला. 31 ऑगस्टच्या मध्यरात्री बारा वाजून गेले की फोन वाजायला लागतात. ज्या मुलीचा वाजत नाही, तिच्यासाठी ती रात्र फार लांबते. तुमच्या नातीची ती तारीख 1 सप्टेंबर 2027. अजून वर्षाहून जास्त अवकाश आहे.

दुसरा बदल महासाथीपासूनचा. 2020 चा हंगाम मार्चमध्येच बंद पडला. त्या वेळी कॉलेजात असलेल्या खेळाडूंना खेळायला एक जादा वर्ष मिळालं, ते न्याय्यच होतं. पण त्यामुळे पुढची काही वर्षं संघांत पाचव्या वर्षाच्या मुली राहिल्या आणि शाळेतून येणाऱ्यांच्या जागा आटल्या. ती गर्दी आता ओसरली आहे. मात्र त्याच सुमाराला दुसरं दार उघडलं होतं, ते काही बंद झालेलं नाही. 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. एका कॉलेजातून दुसरीकडे जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूने त्यात नाव घालायचं, की इतर प्रशिक्षक तिच्याशी बोलू शकतात. आधी कॉलेज बदललं की काही खेळांत वर्षभर बसून काढावं लागे. 2021 पासून पहिल्या बदलीला ती अट काढली आणि 2024 पासून अभ्यासात ठीक असलेल्या खेळाडूला कितीदाही बदल करता येतो. आता प्रशिक्षकाच्या जागेवरून बघा. त्याला पुढच्याच हंगामात मधल्या फळीत एक मुलगी हवी आहे. समोर सतरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि कॉलेजात दोन हंगाम खेळलेली एकवीस वर्षांची. तो कोणाला घेईल?

तिसरा बदल सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत ताजा. कॉलेजांनी खेळाडूंच्या जिवावर अब्जावधी कमावले आणि त्यांना वाटा दिला नाही, या कारणावरून झालेल्या ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या दाव्यात 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोड मंजूर केली. 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा. बहुतेक ठिकाणी त्यातला मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, कारण तिकिटं आणि टीव्हीचा पैसा तिथूनच येतो. मुलींच्या लॅक्रोसला याचा धक्का वेगळ्या वाटेने बसला. आधी एका संघाला 12 शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती. त्या वाटून दिल्या जात. पस्तीस-छत्तीस मुलींच्या संघात सारख्या वाटल्या, तर एकीच्या वाट्याला जेमतेम एक-तृतीयांश. तडजोडीने शिष्यवृत्तीची ही मर्यादा उठवली आणि त्याऐवजी संघाच्या संख्येवर मर्यादा आणली : तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजात 38 मुली, त्याहून जास्त नाहीत.

कागदावर हे मुलींच्या फायद्याचं वाटतं, 38 जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. देता येईल, पण देणार कोण? पैसा दुसरीकडे जात असताना इतकं औदार्य दाखवू शकतील अशी कॉलेजं मोजकीच. आणि ज्या संघांत 38 हून जास्त मुली होत्या, तिथे कात्री लागली. आधीपासून असलेल्या मुलींना नंतर सवलत मिळाली. पुढे येणाऱ्यांना ती नाही. शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ खेळायला मिळावं म्हणून संघात राहणाऱ्या मुलींची जागा आता आक्रसली आहे. 38 चा संघ चार वर्षांच्या मुलींचा, म्हणजे दरवर्षी शाळेतून येणाऱ्यांना नऊ-दहा जागा, त्यातूनही बदली करून आलेल्यांच्या जागा वजा करायच्या.

पण आजी, तुमच्या मुलाने बहुधा या गणिताचा अर्धाच भाग मांडला आहे. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या लॅक्रोसचे संघ सव्वाशेच्या वर आहेत. तिसऱ्या श्रेणीत त्याच्या दुपटीहून जास्त. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, त्यामुळे 38 च्या मर्यादेचा आणि या तडजोडीचा तिथे संबंध नाही. आणि ही कॉलेजं कमअस्सल समजू नका. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, मिडलबरी, टफ्ट्स, एमआयटी ही नावं तुमच्या मुलाला माहीत असतील, ती सगळी तिसऱ्या श्रेणीत खेळतात. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्टसारख्या कॉलेजांत बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात प्रशिक्षक मुलीची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला दाखवून अंदाज घेतात, ही इथे प्रवेश मिळेल का. त्यात गुणपत्रिकाच बोलते. प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड वगैरे आयव्ही लीगची कॉलेजं डिव्हिजन वनची, पण खेळाची शिष्यवृत्ती तीही देत नाहीत आणि लीगने तडजोडीत भाग घेतलेला नाही. तिथे आर्थिक मदत मिळते ती घरची परिस्थिती पाहून. पैशाच्या बाजूने बघितलं, तर बहुतेक घरांना लॅक्रोसच्या शिष्यवृत्तीपेक्षा अभ्यासावर आणि गरजेवर मिळणारी मदत कितीतरी जास्त उपयोगी पडते. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर आपल्याला प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारी सोय असते, ती ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. मुलाला सांगा, क्लब बदलायचं ठरवण्याआधी एका संध्याकाळी चार-पाच कॉलेजांचे ते आकडे काढून बघ. बऱ्याच भांडणांचा विषयच तिथे बदलतो.

आणि दुसऱ्या संघाचं म्हणाल, तर माझं मत ठाम आहे. पंधराव्या वर्षी पहिल्या संघाच्या बाकावर बसण्यापेक्षा दुसऱ्या संघात पूर्ण सामना खेळलेलं बरं. बाकावर बसलेल्या मुलीला कुठलाही प्रशिक्षक निवडू शकत नाही, त्याने तिला खेळताना पाहिलेलंच नसतं. शिवाय नववी ते अकरावीत मुलींची उंची, वेग, ताकद इतकी बदलते की या वर्षीची यादी पुढच्या वर्षी टिकेलच असं नाही. सुनेने क्लबला चार गोष्टी विचाराव्यात. दुसऱ्या संघाला शिकवतं कोण? त्या संघात किती मुली घेतल्या आहेत, कारण जास्तीच्या मुली म्हणजे जास्तीची फी आणि कमी खेळ. तो संघ कोणत्या स्पर्धांना जातो? आणि वर्षाच्या मधे मुलीला वर घेतात का, गेल्या दोन वर्षांत कोणाला घेतलं? क्लबने यांची सरळ उत्तरं दिली तर राहावं. ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढंच ऐकू आलं तर दुसरीकडे चौकशी करायला हरकत नाही. मात्र दुसऱ्या क्लबच्या पहिल्या संघाचं निव्वळ नाव बघून जाऊ नये. तिथला पहिला संघ इथल्या दुसऱ्यापेक्षा कच्चा असू शकतो.

एका गोष्टीने मला फार वाईट वाटतं. या वयाच्या मुलींना कॉलेजांच्या नावाने ईमेल येतात, ‘आमच्या शिबिरात तुला बघायला आवडेल.’ मुलगी नाचते, आई रडते, बाप विमानाचं तिकीट काढतो. अकरावीच्या 1 सप्टेंबरआधी डिव्हिजन वनचा प्रशिक्षक शिबिराची माहिती वगैरे पाठवू शकतो, भरतीबद्दल बोलण्याची त्याला मुभा नाही. असे ईमेल शेकडो मुलींना जातात. शिबिरात शिकायला मिळतं, मैदान बघायला मिळतं, मुलीला जावंसं वाटलं तर जाऊ द्यावं. पण त्याला बोलावणं समजू नये. उलटही तसंच. मुलीने प्रशिक्षकाला कधीही लिहिलेलं चालतं, पण त्या तारखेआधी तो उत्तर देऊ शकत नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ नाकारलं असा नसतो. आणि ते ईमेल मुलीनेच लिहावेत. वडिलांनी लिहिलेला ईमेल प्रशिक्षकाला दोन ओळींत ओळखू येतो.

अमेरिकेतली लॅक्रोसची राष्ट्रीय संस्थाच सांगते की मुलांनी एकाहून जास्त खेळ खेळावेत. वर्षभर एकच खेळ, त्याच वळणावर तेच गुडघे. धावता धावता अचानक दिशा बदलण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतो. मग शस्त्रक्रिया आणि जवळपास वर्षभर मैदानाबाहेर. सुनेला हे ठाऊक असेल, तरी हिवाळ्यात नातीला लॅक्रोसची काठी खाली ठेवून बास्केटबॉल खेळावंसं वाटलं तर तुम्ही तिची बाजू घ्या.

आता तिच्याशी काय बोलायचं. ‘पुढच्या वेळी पहिल्या संघात येशील’ हे म्हणू नका. ते तिला इतर सगळ्यांनी सांगून झालंय, आणि त्यात या वर्षाचा संघ कमी प्रतीचा आहे हे आपोआप येतं. तिला खेळाबद्दल विचारा. सामन्याच्या सुरुवातीला मधल्या वर्तुळात दोघी काठ्या एकमेकींना पाठीला पाठ लावून धरतात, मधे चेंडू असतो आणि शिट्टी वाजली की तो वर उडवतात. त्याला ‘ड्रॉ’ म्हणतात. ‘तुमच्या संघात ड्रॉ कोण घेतं? तू घेतेस का?’ विचारा. नियम समजावून सांगायला सांगा, मुलांना आजीला शिकवायला आवडतं. पेठांच्या सामन्यांच्या गोष्टी सांगा, तिला त्या कुठे ऐकायला मिळणार? आणि तिला माहीत नसेल तर हेही सांगा : लॅक्रोस 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला, क्रिकेटही त्याच दिवशी ठरलं. तिथे सहा-सहा जणींचे संघ असतील, मैदान लहान, वेग जास्त. तुम्ही दोघी फोन लावून ते एकदम बघू शकाल.

फोन शनिवार-रविवारी नको, तेव्हा ती सामन्यांत असेल आणि रात्री दमून झोपेल. मधल्या वारी करा. कधीतरी ती म्हणेल की मला हे सोडायचंय. लगेच समजूत घालू नका, आधी सगळं ऐकून घ्या. एवढा पैसा घालणाऱ्या आईबापांना हे सांगायला मुली घाबरतात, म्हणून ते आधी आजीच्या कानावर येतं. तसं झालं तर मुलाला परस्पर फोन करू नका. बाबांशी तू बोलतेस की मी बोलू, हे तिलाच विचारा, आणि ती म्हणेल तसं करा.